घरटी एक माणूस

परवा आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटवला होता. रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये मानसिक आरोग्याचा कार्यक्रम, नंतर चहा-नाश्ता. खाली ठळक अक्षरांत, ‘या कार्यक्रमाचा लाभ कोणी घ्यावा?’ आणि मग यादी. ताणतणाव असलेल्यांनी, झोप न येणाऱ्यांनी, एकटेपणा वाटणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी. मी चष्मा पुसून यादी दोनदा वाचली. नातसून बरोबर होती. ती म्हणाली, “आजी, तुम्ही यातल्या कशातच बसत नाही.” मी म्हटलं, “जे कशात बसत नाहीत ना, त्यांनीच आधी जावं गं बाई,” आणि लिफ्टचं बटण दाबलं. तिला काही उमजलं नाही. कसं उमजणार? आज जिथे आमची ही उंच इमारत आहे, तिथेच काळाचौकीची आमची जुनी चाळ होती, आणि तिच्या पटांगणात असाच एक कार्यक्रम झाला होता. त्याला कुणी यावं याची यादी नव्हती. फळ्यावर शेवटी तीन शब्द होते, ‘घरटी एक माणूस’.

हे तीन शब्द म्हणजे आमच्या चाळीचा कायदा. गणपतीचा मांडव घालायचा, घरटी एक माणूस. पाण्याची टाकी धुवायची, घरटी एक माणूस. कुणी वारलं तर स्मशानात घरटी एक माणूस, मग त्या घराशी तुमचं भांडण का असेना. जिन्याखाली फळा होता आणि चाळीचे सेक्रेटरी त्यावर खडूने लिहायचे. ते छापखान्यात कामाला होते, अक्षर असं की पुसायला जिवावर यावं. लिहून झालं की दोन पावलं मागे सरकून स्वतःच बघत उभे राहायचे. आम्ही पोरी हसायचो त्यांना. पण त्या फळ्यावर आलं आणि एखादं घर आलं नाही, असं मी कधी पाहिलं नाही.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि तोंडाने अशी फटकळ, की आई म्हणायची, “हिच्या सासूचा काय्येक खरा नाय!” घरात आम्ही मालवणीच बोलायचो. ते सगळं मी इथे साधं करून लिहिते आहे, नाहीतर माझ्या नातवंडांनाच कळायचं नाही. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, अठरा नंबर. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज मोठा. घोषणा द्यायला उभे राहिले की पलीकडच्या चाळीतली माणसं गॅलरीत यायची. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच गिरणीत बदली होता. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं आणि कुणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी कामाला लागायचं. स्वभावाने गरीब. मी त्याच्या वाटणीचं पण बोलायचे आणि तो माझ्या वाटणीचं ऐकून घ्यायचा.

काय दिवस होते ते! संध्याकाळी गॅलरीत पेपरचं मोठ्याने वाचन व्हायचं. एक वाचायचा, वीस ऐकायचे, आणि ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण मध्ये बोलायचा. कुणाच्या घरी बांगडा भाजला की तो आख्ख्या मजल्याला कळायचा. आमच्या दाराला कडी होती, पण ती दिवसा लावली तर शेजारी येऊन विचारायचे, “काय गो, बरं नाही काय?” आता माझ्या शेजारी कोण राहतं ते मला दारावरच्या पाटीवरून कळतं. असो. रडगाणं गायला मी बसलेली नाही.

तर, फाउंटनच्या मोर्चाची हाक आली तेव्हा फळ्यावर नावं लागली. घरटी एक. आमच्या खोलीचं नाव बाबांचं होतं. सकाळी बघतो तर बाबा गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. पोटात कळा येतात म्हणाले. आईने ओवा दिला, गरम पाणी दिलं. खालून हाका यायला लागल्या होत्या. दादाने खुंटीवरचा सदरा काढला, अंगात घातला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही पडून राहा. मी जातो.” झालं एवढंच. मी त्याला जाताना साधं ‘सांभाळून जा’ पण म्हटलं नाही. मला वाटलं, नेहमीचा मोर्चा, घसा बसवून येईल.

त्या दिवशी तिकडे गोळीबार झाला. दिवे लागायच्या वेळेला दादा परत आला. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात कुणाची तरी. सदऱ्यावर रक्त. आई किंचाळली. तो म्हणाला, “माझं नाही. माझ्या शेजारचा माणूस पडला.” आणि मोरीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी चाळीने त्याला हार घातला. आमचा पोरगा गोळ्यांतून परत आला, म्हणून. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी त्याला गॅलरीत बसवायचं, “सांग रे, काय झालं ते सांग.” पहिले आठ दिवस त्याने सांगितलं. मग दोन वाक्यांत सांगायला लागला. मग एकात. मग बोलणंच बंद. एका सकाळी गेटवर गेला आणि भोंगा व्हायच्या आत परत आला. त्यानंतर गेलाच नाही. खोलीत दारामागे आमची लोखंडी ट्रंक होती, तिच्यावर बसून राहायचा. आईच्या हातून ताट पडलं की दचकून उभा. भोंगा झाला की दोन्ही हातांनी कान दाबून घ्यायचा. आणि या गिरणगावात भोंगे का कमी होते! मी त्याच्याशी बोलत सुटायचे, शाळेतल्या बाईंच्या नकला करायचे, ज्यांना तो पूर्वी पोट धरून हसायचा. तो माझ्याकडे बघायचा आणि नजर खाली घालायचा.

आईने दृष्ट काढली, अंगारा लावला, गावच्या देवाला नारळ बोलली. बाबांनी मात्र त्याच्याकडे बघणंच सोडलं. जेवायला बसले की त्याच्याकडे पाठ. बोललेच तर भिंतीशी बोलल्यासारखं, “किती दिवस बसणार हा? बायका बऱ्या.” आणि एके दिवशी म्हणाले, “होळीपर्यंत बघतो. नाहीतर ठाण्याला नेऊन टाकतो.”

आता ठाणं म्हटलं की कुणाला तलाव आठवेल. पण आमच्या मुंबईत ‘ठाण्याला टाकलं’ याचा अर्थ एकच होता, वेड्यांच्या इस्पितळात. एकदा घरातल्याला ठाण्याला टाकलं की चाळीत त्याचं नाव निघायचं बंद व्हायचं. मी म्हटलं, “तुम्हीच जा ठाण्याला!” बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. माझ्या आयुष्यात बाबांनी मला मारलेली ती एकच. दादा ट्रंकेवर बसून ते बघत होता, त्याचे ओठ हलले पण आवाज फुटला नाही. होळीला तेव्हा महिना राहिला होता.

आणि अशात फळ्यावर ती सभा आली. सेक्रेटरींचा एक भाचा होता, डॉक्टर, परळच्या एका इस्पितळात नव्याने लागलेला. मनाच्या आजारांचं शिकून आला होता. मामाने त्याला म्हटलं असेल, ये, आमच्या चाळीत चार शब्द सांग. फळ्यावर लिहिलं होतं, ‘रविवारी सायंकाळी पाच वाजता पटांगणात डॉक्टरांची सभा. विषय : मनाचे आरोग्य.’ आणि खाली, हाताला सवयच लागलेली, ‘घरटी एक माणूस.’

मी शाळेतून येऊन ते वाचतच होते, तेवढ्यात सेक्रेटरी ओलं फडकं घेऊन धावत जिना उतरले. “अगं, चुकून गेलं हातून! हे काय मोर्चाचं बोलावणं आहे?”

मी फळ्यासमोर आडवी झाले. “काका, राहू द्या ना.”

“अगं पण ज्याला गरज असेल त्याने यावं अशी सभा ही.”

“तसं लिहिलंत तर कोण येणार आहे? आपल्या चाळीत कुणाला गरज आहे, सांगा बघू एक तरी नाव.”

त्यांनी वर बघितलं, एकेक मजला बघितला. “नाही बुवा,” म्हणाले, “तसं कुणीच नाही.” आणि फडकं खांद्यावर टाकून गेले.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आमच्या घरातून दादाला पाठवायचं. घरटी एक म्हटल्यावर कुणी कुणाकडे बोट दाखवायचा प्रश्नच नव्हता. मी वर जाऊन दादाच्या पायाशी बसले, त्याला सगळं सांगितलं, हात जोडले. त्याने मान हलवली. नाही. मी म्हटलं, “अरे, माझ्यासाठी?” पुन्हा नाही. बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “घरटी एक लिहिलंय ना? मग मी जातो.”

मला असा संताप आला! ज्याला गरज तो घरात बसणार आणि हे तिकडे जाऊन घोषणा देणार. मी म्हटलं, “मग मी पण येणार.”

“घरटी एक.”

“बायकांना कोण धरतंय तुमच्या घरटीत? मी बायकांत बसेन.”

बाबांनी तोंड पुसलं.

रविवारी पाचला पटांगण बायका-पोरांसकट खच्चून भरलं. भरणारच. ‘सभा’ आणि ‘घरटी एक’, एवढंच सगळ्यांनी वाचलं होतं. मधली ओळ कुणी वाचायची? त्या दिवसांत सभा एकाच गोष्टीची असायची. पोरं झेंडे घेऊन आली होती. बिचारा डॉक्टर, जाड भिंगांचा चष्मा, हातात कागदांची भेंडोळी, बाकड्यावर उभा राहतोय न राहतोय तोच मागून आरोळी उठली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र…” आणि तीनशे माणसं एका सुरात, “झालाच पाहिजे!” डॉक्टरच्या हातातला एक कागद खाली पडला.

“मी… मी आज आपल्याशी मनाविषयी बोलणार आहे,” तो म्हणाला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “मनासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” हशा पिकला. डॉक्टर पण हसला, आणि तो हसला म्हणूनच, मी सांगते, लोक उठून गेले नाहीत.

भाषण मात्र अगदी पुस्तकी. चित्तवृत्ती काय, मनोविकार काय, औदासीन्य काय. साच्यावरची माणसं ती, जांभया द्यायला लागली. शेवटी त्याने कागद गुंडाळले आणि साधं विचारलं, “आपल्यापैकी कुणाला झोप लागत नाही?”

“रातपाळीवाल्यांना दिवसा लागत नाही,” एक जण म्हणाला, “वरच्या मजल्यावर मसाला कुटतात!” पुन्हा हशा.

“बरं, कुणाला काही विचारायचं आहे?”

कुणालाच काही विचारायचं नव्हतं. तीनशे धडधाकट माणसं. सेक्रेटरी कळवळून इकडेतिकडे बघत होते. अखेर पहिल्या मजल्यावरचे एक जण उभे राहिले, पैलवानी अंगाचे, गणपतीत ढोल तेच वाजवायचे. घसा खाकरून म्हणाले, “मला काही नाही हां डॉक्टर. आमच्या शेजारी एक आहेत. त्यांना काय होतं, मुलगी सासरी गेली तेव्हापासून उगाच रडू येतं. भाजी आणायला गेले तरी येतं.”

झालं! आता तुम्हीच बघा, आख्खी चाळ समोर बसलेली आणि हा म्हणतोय ‘आमच्या शेजारी’. त्याचा डावीकडचा शेजारी ताडकन उठला, “कोण रडतं? मी?” उजवीकडचा उठला, “माझ्या मुलीचं लग्नच झालेलं नाही, मी कशाला रडू!” आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की गेल्या माघात लग्न कुणाच्या मुलीचं झालं होतं. पैलवान लाल झाले. हसू पसरायला लागलं तसा डॉक्टरने हात वर केला.

“थांबा,” तो म्हणाला. “हे बरं सुचवलंत. आता सगळ्यांनी शेजाऱ्याबद्दलच विचारायचं. आणि कुठला शेजारी, हे कुणी विचारायचं नाही.”

वयाने पोरसवदाच होता, पण त्या वाक्यासाठी मी त्याला आजही दहापैकी दहा देईन.

मग काय, एकेक शेजारी निघायला लागला. एका शेजाऱ्याला गिरणीत शिरताना वाटायचं की छप्पर पडणार. एका शेजारणीचं तान्हं मूल गेलं होतं आणि तिला अजून पहाटे त्याचं रडणं ऐकू यायचं. हे विचारताना त्या बाईने पदर तोंडात कोंबला, आणि माझ्या आईच्या वयाची एक बाई तिच्याकडे न बघता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. डॉक्टर आता साधं बोलायला लागला होता. कुणी हसत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी या सगळ्यांना रोज नळावर भेटते, आणि मला यांतलं काहीच माहीत नव्हतं.

मी उभी राहिले. “आमच्या शेजारी एक मुलगा आहे,” मी म्हटलं. “गोळीबारातून परत आला. आता कामावर जात नाही. बोलत नाही. आवाज झाला की कान दाबून घेतो.”

पटांगणात सगळ्यांना कळलं. ज्यांनी हार घातला होता ते खाली बघायला लागले.

“घरचे त्याच्याशी काय बोलतात?” डॉक्टरने विचारलं.

इथे मला थांबता आलं असतं. पण गालावरची ती चपराक अजून हुळहुळत होती, खरं सांगते, आणि सूड घ्यायला मला बरं वाटलं. “त्याचे वडील म्हणतात, होळीनंतर ठाण्याला टाकतो.”

तीनशे माना बाबांकडे वळल्या.

बाबा उठले. मला वाटलं, आता आवाज चढणार, आता इथेच सगळ्यांसमोर माझा उद्धार होणार. बायकांतली एक मला खाली ओढायला लागली. बाबांनी टोपी काढली, हातात धरली, आणि इतक्या हळू बोलले की मागची माणसं पुढे झुकली.

“डॉक्टर, आमच्या शेजारी पण एक माणूस आहे. मोर्चाला त्याचं नाव होतं. फळ्यावर होतं. तो पोटात दुखतंय म्हणून पडून राहिला. पोटात काही दुखत नव्हतं त्याच्या. भ्याला होता. आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, उद्या गोळ्या चालणार. मग त्याचा मुलगा गेला त्याच्या जागी.” टोपी ते हातात फिरवत होते. “आता पोरगा समोर बसलेला असतो. त्याच्याकडे बघवत नाही याला. म्हणून वाटतं, डोळ्यांसमोरून गेलेला बरा. तर अशा माणसाला तुमच्याकडे काही औषध आहे काय?”

मी खाली बसले. कुणी ओढलं म्हणून नव्हे, आपणहून. आई रोज ओव्याची पुडी बाबांच्या उशाशी ठेवायची, पोट नाजूक झालंय म्हणून. आणि मी! मला वाटायचं, हा माणूस दगड आहे.

डॉक्टर बाकड्यावरून खाली उतरला. “त्या माणसाने हे मुलाला सांगितलं आहे?”

“नाही.”

“मग ते आधी. औषधाचं मी बघतो. मंगळवारी परळला या.”

बाबा तसेच उभे. आणि मग त्या पैलवानांनी, ज्यांच्या मुलीच्या लग्नावरून मघाशी हसं झालं होतं, बाबांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं, आणि कोपऱ्यातला एक म्हातारा घाईघाईने उठून म्हणाला, “डॉक्टर, आमच्या शेजाऱ्याला सुकट खाल्ली की छातीत धडधडतं, त्याचं काय?” ते सुकटवाले आजोबा वर्षानुवर्षं सुकट खात होते आणि त्यांना कधी काही झालं नव्हतं. बाबांवरच्या नजरा आपल्यावर घ्याव्यात म्हणून उठले होते ते. आमची चाळ अशी होती. चहाड्या करायची, भांडायची, कुणाचं काय शिजतंय ते वास घेऊन सांगायची. पण त्या दिवसानंतर ‘भ्याला’ हा शब्द बाबांच्या बाबतीत कुणीही, अगदी नळावरच्या भांडणातसुद्धा, काढला नाही.

सभा उठली. बाबा जिन्याकडे गेले नाहीत, नळावर जाऊन तोंड धुवायला लागले. धुतच राहिले. मी मागे जाऊन उभी. “बाबा, माझं चुकलं,” म्हटलं. त्यांनी ओल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. “चल वर.”

खोलीत आई तांदूळ निवडत होती. दादा ट्रंकेवर. बाबा त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसले. आमच्या घरात बाप जमिनीवर आणि मुलगा वर, असं कधी झालं नव्हतं. दादा गडबडून उठायला लागला तर बाबांनी त्याचा गुडघा दाबून धरला. “बस. ऐक.” आणि सगळं सांगितलं. शेजारी-बिजारी काही नाही. मी भ्यालो, मी खोटं बोललो, मी तुला पाठवला. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दादा बराच वेळ बाबांकडे बघत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने कुणाकडे एवढा वेळ बघितलं असेल. मग बोलला. न बोलून बोलून आवाज घोगरा झाला होता.

“माका ठावक होता, बाबा,” तो म्हणाला. “म्हणान तर मी गेलंय.”

त्याने बाबांचा चेहरा बघितला होता त्या सकाळी. बापाची लाज चाळीत निघू नये म्हणून सदरा अंगात घातला होता त्याने. बाबांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता सगळं नीट होणार. पण दादाचं बोलणं संपलं नव्हतं. ते आता थांबत नव्हतं.

“पण मी पळालो, बाबा. शेजारचा पडला, त्याने माझा हात धरला होता. मी हात सोडवून घेतला आणि पळालो. लोक हार घालत होते. तुम्ही एकटे माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्हाला माझी लाज वाटते.”

अरे देवा! दोन महिने! दहा बाय बाराच्या खोलीत दोन महिने हे दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि दोघांच्या मनात तीच एक लाज होती. आईने सूप बाजूला ठेवलं आणि ती रडायला लागली, मोठ्याने, गॅलरीत ऐकू जाईल अशी. शेजारून कुणी डोकावलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या मजल्यावर सगळ्यांनी आपापली दारं लोटून घेतली होती.

दादा लगेच बरा झाला असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? गेटवर परत उभा राहायला त्याला वर्ष लागलं, आणि पुढे लग्न झालं, मुलं झाली, तरी दिवाळीत तो फटाके संपेपर्यंत गावाला जाऊन राहायचा. त्या हात धरणाऱ्या माणसाचं नाव त्याने पुष्कळ शोधलं. मिळालं नाही. पण होळी आली आणि गेली, आणि ठाण्याचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. त्या होळीला दादा गॅलरीत येऊन उभा राहिला, खाली आला नाही, पण उभा राहिला.

तो पहिला मंगळवार मात्र मला लख्ख आठवतो. बाबांनी खाडा केला. बाबा, दादा आणि मी, काळाचौकीहून चालत परळला गेलो. फॉर्म वाचायला मी हवी, हे निमित्त. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दादा मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. वाटेत एक भोंगा झाला, दादाने कान दाबले, आणि तो आवाज थांबेपर्यंत बाबा तिथेच रस्त्यात त्याच्याबरोबर उभे राहिले. इस्पितळात ही मोठी रांग. आमची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, “पेशंट कोण?”

मी दादाकडे बोट दाखवायला हात उचललाच होता.

“दोघं,” बाबा म्हणाले.

“दोघं कसे? एका केसपेपरवर एकच नाव.”

“मग दोन काढा,” बाबा म्हणाले, आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.